खाडाखोडीचं एक पान

काष्टी, ता. श्रीगोंदा
४ ऑगस्ट २०२५

ती. हनुमंतकाका,
सप्रेम जयभीम.

खरं तर आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज मला माझंच सुचतंय. रागावू नका.

काल अमृतचा मेसेज आला. गटावर नाही, एकट्या मला. मी तो जसाच्या तसा उतरवते. "यशोधराताई, दिवाळी अंकासाठी तुमची 'सुतळी' घेतली होती, पण एका सदस्यानं शंका काढली आहे. कथा मोबाईलमधल्या यंत्राकडून लिहून घेतल्यासारखी वाटते म्हणतात. ३१ ऑगस्टपर्यंत खर्ड्याच्या एका पानाचा फोटो टाका, विषय मिटेल. नाहीतर नियमाप्रमाणे..." आणि पुढे तीन टिंबं. काका, त्या तीन टिंबांनी मला कालपासून घास गिळू दिलेला नाही.

नियम मला माहीत आहे. गटाचं नावच 'कच्चा खर्डा', त्यामुळे कथा टाकली की सोबत खाडाखोड केलेल्या एका पानाचा फोटो टाकायचा. आपल्या त्रेचाळीस जणांतलं कुणी कधी छापून आलेलं नाही, तेव्हा आपली शान काय ती खाडाखोडच, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. मला सूट मिळाली, कारण मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी थेट कीबोर्डवर लिहिते. सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायचे, हाताला पेन धरायची सवयच राहिली नाही. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. चार कथा झाल्या, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आता अचानक शंका!

मला विचाराल तर हा 'एक सदस्य' म्हणजे अमृतच आहे. कोपरगावला फॅक्टरीच्या लॅबमध्ये बसून रसाचे नमुने तपासतो, तसे आता माणसांचे तपासायला निघालाय. त्याची 'मळी' अंकाला घेतली नाही आणि माझी घेतली, ते त्याला लागलं असणार.

काका, गटाबाहेर मी कोण आहे? घरात भाकरी, केंद्रात "मॅडम, सर्व्हर आला का?" तिथं मात्र मी यशोधरा आहे. आईच्या आजारपणात चौघीजणींनी रोज फोन केले होते. परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाले ते मी घरी सांगायच्या आधी तिथं सांगितलं. तिथून 'खोटी' म्हणून हाकललं तर मी कुठं जाऊ?

गटावर लिहावं तर सगळे वाचतील, आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. बरं झालं, अमृतनं चिठ्ठ्या टाकून पत्रजोड्या लावल्या तेव्हा तुम्ही माझ्या वाट्याला आलात. तुम्ही त्याला समजावून सांगा. तुमचं तो ऐकतो.

तुमची,
यशोधरा


केडगाव, अहिल्यानगर
९ ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, त्याला कसली शंका येत नाही, तो आपला नेमानं दुखतो.

तू फार मनाला लावून घेतेस. एक पान तर दाखवायचं! माझ्या पानांचे फोटो तू पाहिलेस, त्यात कथा कमी आणि शाईचे डाग जास्त. तेहतीस वर्षं कापडबाजारामागच्या छापखान्यात खिळे जुळवले आणि प्रुफं तपासली. वकिलाची, मास्तराची, पुढाऱ्याच्या भाषणाची, सगळ्यांची हस्ताक्षरं डोळ्यांखालून गेली. बिनचुकीचं लिहिणारा माणूस मला तरी भेटला नाही. तेव्हा चुका दाखवायला लाजू नये, एवढंच माझं म्हणणं.

अमृतबद्दल तू जे लिहिलंस ते मला पटत नाही. पोरगा तिरसट आहे, पण मत्सरी नाही. कोणी शंका काढली हे शोधत बसू नकोस, त्यातून काही निघायचं नाही.

तू कीबोर्डवर लिहितेस हे खरंच. पण मनात काही आलं की कुठंतरी टिपून ठेवतच असशील ना? एखादी वही, पावतीची मागची बाजू, काहीही चालेल. सुतळीची कल्पनाच घे. ऊसतोडीला निघालेली बाई घरी राहणाऱ्या लेकीची उंची सुतळीवर गाठ मारून घेते, आणि कोपीवरच्या दुसऱ्या पोरांकडे बघून दर महिन्याला ती गाठ पुढं सरकवते. हे तुला कधी सुचलं, कसं सुचलं, हे लिहून ठेवलेलं असेल तर तेवढंही पुरे.

काही तरी असेलच. नसेल तर तसं मला कळव.

तुझा,
हनुमंतकाका


काष्टी
१४ ऑगस्ट २०२५

ती. काका,
सप्रेम जयभीम.

सापडला! तुमचं पत्र वाचलं आणि एकदम आठवलं, की 'सुतळी' मी आधी वहीत लिहिली होती. जानेवारीत केंद्राचं इंटरनेट आठवडाभर बंद होतं ना, तेव्हा. मग वही पेटीत पडली आणि मी विसरून गेले. गेल्या वेळी मी थेट टाइप करते असं लिहिलं ते बाकीच्या तीन कथांबद्दल खरं आहे. ही एकच वहीतली. विसरायला झालं म्हणजे किती ते बघा.

दोन पानांची झेरॉक्स सोबत पाठवते. फोटो गटावर टाकायच्या आधी तुम्ही बघावं असं वाटलं. तुमच्या नजरेखालून गेलं की मला धीर येईल. भरपूर खाडाखोड आहे, हसू नका. पहिल्या पानावर तर मी 'कोपी'च्या जागी आधी 'झोपडी' लिहिलं होतं, बघा! तिसऱ्या ओळीत 'रडली' खोडून 'गप्प बसली' केलं आहे. माझं मलाच नवल वाटलं, की तेव्हा आपण इतका विचार करत होतो.

वही जरा नवी दिसेल, पण ती पेटीत होती म्हणून. पेनही एकच दिसेल, कारण एकच होतं.

लगेच उत्तर पाठवा. तारीख जवळ येतेय. दिवसातून चार वेळा पोस्टमनला विचारते, तो बिचारा आता मला बघून रस्ता बदलतो.

तुमची,
यशोधरा


केडगाव
१९ ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

ती पानं गटावर टाकू नकोस. माझी शपथ आहे असं समज.

पोरी, माणूस स्वतःच्या शब्दावर चिडून तो खोडतो तेव्हा तो कुणाला वाचता येऊ नये इतका गिरवतो. तुझा खोडलेला प्रत्येक शब्द स्वच्छ वाचता येतो, वरून एक सरळ रेघ, जणू दाखवायलाच ठेवलेला. खरं लिहिणारा एक शब्द बदलला की त्याच्यामुळे पुढची चार वाक्यं बदलतो. तुझी पुढची वाक्यं जागची हललेली नाहीत. आणि हेही सोडून देऊ. दुसऱ्या पानाच्या तळाशी "तिनं कोयता ठेवला आणि हात धुवायच्या आधी गाठ सरकवली" हे वाक्य आहे. ते तुझं नाही. ते मी एप्रिलमध्ये तुला पत्रातून सुचवलं होतं. तुझ्या जानेवारीच्या वहीत माझं एप्रिलचं वाक्य कसं आलं?

आता माझं ऐक. अमृतवरचा राग काढून टाक. शंका काढणारा सदस्य मी आहे.

माझा पुतण्या मध्यंतरी आला होता. त्यानं मोबाईलमध्ये एक ओळ टाकली आणि अर्ध्या मिनिटात अख्खी गोष्ट काढून दाखवली. त्यात एक चूक नव्हती. मला एकदम तुझ्या कथा आठवल्या. पाच महिन्यांत चार कथा, एकीतही काट नाही, आणि तुझं वय तेहतीस. कोपीवरची चूल, मोळीचा काच, पहाटेचा कोयता हे सगळं तुला एवढं बारीक कसं माहीत? तुला विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून अमृतला लिहिलं आणि वर माझं नाव सांगू नकोस म्हणून बजावलं. तू मलाच मध्यस्थ केलंस आणि मी साळसूदपणे तुला उपदेश केला. त्याची मला लाज वाटते.

पण यशोधरा, मी घाबरलो होतो. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यानं माझं काम नेलं, त्याचं मी फार रडं केलं नाही. तुझी काकू गेल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं, तेव्हा तू मला अकरा पत्रं पाठवलीस. एकालाही उत्तर दिलं नाही, तरी बारावं आलं, आणि त्या बाराव्यावर मी उठून बसलो. त्या बारा पत्रांतलं तुझं किती आणि यंत्राचं किती, असं मनात आलं आणि मी हादरलो.

आता हा खोटा खर्डा बघून मी काय समजू, ते तूच सांग.

हनुमंत


केडगाव
३० ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा,
आशीर्वाद.

अकरा दिवस झाले. उत्तर नाही. बावीस तारखेला गटावर "यशोधरा यांनी गट सोडला" एवढंच दिसलं. अमृतनं तुला फोन केले, तू उचलले नाहीस. त्यानंच मला लिहून विचारलं, "काका, ताईंना तुम्ही काही बोललात का?" हा पोरगा पहिल्यापासून म्हणत होता की ताई तसं करणार नाहीत. मीच हट्टाला पेटलो होतो.

मला भलतेसलते विचार येऊ लागले. म्हणून परवा नगर-दौंड गाडीत बसून काष्टीला आलो. गुडघ्याला सांगितलं, आज गप्प बस. केंद्र शोधायला वेळ लागला नाही. तू आत होतीस. बघून मला इतकं बरं वाटलं की समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो.

तुझ्यापुढं एक म्हातारी बसली होती. डब्याची पिशवी मांडीवर, हातवारे करून काहीतरी सांगत होती. तू तिच्याकडे बघत नव्हतीस, नजर पडद्यावर आणि बोटं चाललेली. पगाराचा अर्ज असावा, निराधार योजनेचा वगैरे. बराच वेळ चाललं. मनात म्हटलं, पोरगी कामात आहे, आपण कशाला मध्ये जा. खरं तर हे निमित्त. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. एक ग्लास रस पिऊन परतीची गाडी धरली.

तू यंत्राकडून लिहून घेतलं असलंस तरी चालेल. खरंच सांगतो. कथा नको, अंक नको. तू खुशाल आहेस एवढं एका ओळीत कळव. पत्रात चुका असल्या तर जास्तच बरं.

तुझा,
हनुमंतकाका


काष्टी
३ सप्टेंबर २०२५

ती. काका,
सप्रेम जयभीम.

तो अर्ज नव्हता. ती माझी आई होती.

तुमचं पत्र वाचलं आणि केंद्राला आतून कडी लावून रडले. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे बसून माझा खर्डा डोळ्यांनी बघितलात आणि उठून गेलात.

आता सगळं लिहिते. माझी आई, सुमनबाई, पाथर्डीकडची. बारा वर्षं कोपरगावाकडे तोडीला जात होती. बाबा गेल्यापासून माझ्याकडे असते. दुपारी मला डबा घेऊन येते, गिऱ्हाईक नसलं की बोलत बसते. तेव्हाचंच सगळं बोलते. आधी मी नुसती ऐकायची. एकदा कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला टाइप करताना माझी बोटं आपोआप तिचे शब्द टाइप करू लागली. मला सवयच ती, समोरचा बोलतो आणि मी उतरवते. तिला वाटतं मी कुणाचं तरी काम करतेय आणि कानानं तिचं ऐकतेय. तिला हे माहीतच नाही, काका. चारही कथा तिच्या आहेत. बोली थोडी सरळ केली, नावं बदलली, एवढंच माझं. म्हणून खाडाखोड नाही. ती बोलताना खोडत नाही.

पहिली कथा टाकली तेव्हा खाली 'आईनं सांगितलेली' असं लिहिणार होते. पण तुम्ही सगळे इतके आनंदलात, मला 'लेखिका' म्हणालात. तो शब्द मला परत करवला नाही. पुढं पुढं तर तो माझाच वाटायला लागला. यंत्राचा आळ आला तेव्हा मी खवळले, कारण तो खोटा होता. पण खरं सांगायला गेलं तर मी चोरच निघते, तीही आईच्या घरातली. म्हणून एका रात्री दार लावून नव्या वहीत कथा उतरवली आणि मुद्दाम चुकीचे शब्द शोधून शोधून खोडले. तेवढं कष्टाचं काम मी आयुष्यात केलं नाही.

'सुतळी'त माझं एकच आहे, शेवट. आई नेहमी ट्रक गावात शिरतो तिथं थांबते. मी विचारलं, पुढं? म्हणाली, पुढं काय, आले घरी, आणि डबा उचलून निघाली. म्हणून लेक पळत येते, आई सुतळी धरते, गाठ बरोबर डोक्याला लागते, हे मी घातलं. सगळ्यांना तेच आवडलं होतं.

आता आईला सांगितलं तर ती बोलायची बंद होईल. तिचं आयुष्य त्रेचाळीस अनोळखी माणसांनी वाचलं हे कळल्यावर कोण तोंड उघडेल? आणि सांगितलं नाही तर मला गटात यायला तोंड नाही. तुम्ही यंत्र म्हणालात ते फार चुकलं नाही. मी तशीच बसले होते, तिच्याकडे न बघता.

बारा पत्रं मात्र माझी होती. त्यात आईचं काही नव्हतं.

यशोधरा


केडगाव
८ सप्टेंबर २०२५

चि. यशोधरा,
आशीर्वाद.

बारा पत्रं तुझी, हे मी आता कुणालाही सांगू शकतो. माझ्यावरचं केवढं ओझं उतरलं ते तुला कळायचं नाही. तुझ्यावरचं अजून तसंच आहे, म्हणून लगेच लिहितो.

काल मी गटावर लिहून टाकलं, की शंका माझी होती, ती चुकीची होती, आणि यशोधरानं यंत्राला हात लावलेला नाही. अमृतनं माझी सगळ्यांदेखत चांगली कानउघाडणी केली. ती मला मानवली. पुढचं मी बोललो नाही, ते तू बोलायचं आहेस. "ताई कधी येणार?" असं सात-आठ जणांनी विचारलं. अमृतनं अंकाची तारीख वीस सप्टेंबरपर्यंत पुढं ढकलली आहे आणि तुझी पानं मोकळी ठेवली आहेत.

पण आईला सांगितल्याशिवाय 'सुतळी' छापू द्यायची नाही, यात माझ्याकडून सूट नाही. माझ्या हातून हजारो पानं जुळली, त्यातलं एकही माझं नव्हतं. तरी मी कधी त्यावर माझं नाव टाकलं नाही, आणि कुणाला न विचारता छापलंही नाही. तू दोन्ही केलंस. हे मी रागानं लिहीत नाही. तू माझी पोर आहेस म्हणून लिहितो.

ती बोलायची बंद होईल ही भीती खरी आहे. होऊ शकेल तसं. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण आत्ता ती कुणाशी बोलतेय हे तिला ठाऊक नाही, आणि हे तिला ठाऊक नाही हे तुला रोज डबा खाताना ठाऊक असतं. असं तू किती दिवस जेवशील?

सांगताना संगणक बंद कर. आधी कथा वाचून दाखव, मग कबुली दे. उलट करू नकोस, नाहीतर ती कथा ऐकायचीच नाही.

घरी काहीही झालं तरी मला कळव. ओरडली, रुसली, पाथर्डीला निघून गेली, काहीही. गुडघ्याला घेऊन मी परत येईन, आणि या वेळी रसवंतीत बसणार नाही.

तुझा,
हनुमंतकाका


काष्टी
१४ सप्टेंबर २०२५

हनुमंतभाऊ यांना सुमन साळवेचा जयभीम.

मी सांगते, पोरगी लिहिती हाय. मी बोलंन तसंच लिही म्हनलंय, नीटनेटकं करू नको. केलं तर मला आता कळतंय, कारन तिनं प्रत्येक वळ वाचून दावायची असं ठरलंय.

परवा दुपारी हिनं केंद्राचं दार लोटलं अन् म्हनली, आई, तुला एक वाचून दावते. मला वाटलं कसल्या योजनंचा कागद आसंल. ऐकता ऐकता मला माझाच आवाज यायला लागला. मी इचारलं, हे कुनी लिहिलं? म्हनली, मी. मी म्हनलं, खोटं. मग म्हनली, तू. मी म्हनलं, मला तर सहीपुरतंच येतं. मग ती रडाय लागली अन् सगळं सांगितलं. किती जनांनी वाचलं? तर म्हनं त्रेचाळीस. मला घामच फुटला, भाऊ. तुमी बी वाचलं आसंल, मी आंघुळीला आडोसा न्हवता ते सांगितल्यालं. आता वाचलं तर वाचलं.

दोन दिस मी हिच्याशी बोलले न्हाई. डबा दिला अन् घरी गेले. ही बी जेवली न्हाई, डबा तसाच आनायची. तिसऱ्या दिशी मीच म्हनलं, बस, तुझ्या त्या काकाला कागद लिहायचा हाय.

राग आला का? व्हय, लई आला. पर तुमी समजताय त्याचा न्हाई. हिनं नाव लावलं त्याचा न्हाई. माझं नाव सातबाऱ्यावर बी कधी लागलं न्हाई, मंग तुमच्या अंकात न्हाई लागलं तर काय बिघडलं? लावायचं आसंल तर दोघींचं लावा. अन् हिला गटातून काढू नका. ही समूर बसती म्हनून मी बोलते. तीस-पस्तीस साल माझ्या समूर कुनी बसलं न्हवतं. आता मातुर मी बोलताना माझ्याकडं बघायचं, असं मी हिला सांगितलंय.

राग आला तो शेवटाचा. हिनं लिहिलंय, लेक पळत आली अन् गाठ बराबर डोक्याला लागली. ऐकून लोकास्नी बरं वाटलं आसंल. मला न्हाई वाटलं. मी हिला कधी सांगितलं न्हाई, कारन ही तेवा चार वर्साची हुती, हिला आठवत न्हाई, अन् मला सांगवत न्हवतं. आता सांगते. लिही.

ट्रक दुपारी गावात आला. मी भांडी बी उतरवली न्हाईत, सुतळी घिऊन घराकडं पळत सुटले. ही आजीच्या लुगड्यामागं हुती. मी हाक मारली तर तोंड लपवलं. आजीला इचारती, ही बाई कोन हाय? मी हासले. म्हनलं, विसरली, लेकरूच हाय. हिला भिंतीला उभी केली अन् सुतळी धरली. सा महिन्यात मी गाठ तीन बोटं सरकवली हुती, कोपीवरची पोरं बघून. हिचं डोकं गाठीच्या तीन बोटं खाली हुतं. मी परत धरली. परत तीन बोटं. मला वाटलं मीच चुकीची सरकवली. मग मी हिच्या दंडाला हात लावला.

पोरगी वाढलीच न्हवती, भाऊ. सोडून गेले तेवढीच हुती. म्हातारीचा दोष न्हाई, तिला तरी कोन घालत हुतं? मी पाठवलेलं पोचलंच न्हवतं.

हिचा हात थांबलाय. मी म्हनलं, लिही, माझं सांगून झालं न्हाई अजून.

त्याच्या पुढल्या साली मी तोडीला गेले न्हाई. मालक एकटा गेला. मी पाथर्डीच्या बाजारात पालेभाजी घिऊन बसले, हिला मांडीजवळ बसवली. हे गोष्टीत घालायचं आसंल तर घाला, नसंल तर ऱ्हाऊ द्या. दुसरं काय बी बदला, नावं बदला, गाव बदला. पर ती पळत आली असं छापू नका. ती पळत आली न्हाई.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) सुमन साळवे
लिहून घेणार : यशोधरा भिंगारदिवे